वाई ते माहुली: नदीकाठची वाट कॅनॉलवरून जाते

प्रश्न असा आहे: "वय 46, पुण्यात राहतो. दिवाळीत ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची सायकल, घेतली, पण ती अजून डांबरावरच फिरते आहे. दोन दिवसांची, नदीच्या खोऱ्यातली, फार चढ नसलेली आणि वाटेत जुनी देवळं, घाट, वाडे लागतील अशी कच्ची वाट सुचवा. टायरमध्ये हवा किती ठेवायची आणि सोबत काय घ्यायचं, तेही सांगा."

वाईला जा. वाईहून वर धोमपर्यंत आणि खाली संगम माहुलीपर्यंत. महाबळेश्वरावरून निघताना कृष्णा 1300 मीटरच्या वर असते आणि वाईत पोचेपर्यंत ती 700 मीटरच्या आसपास उतरलेली असते. तिची सगळी धावपळ डोंगरातच उरकते. वाईच्या खाली ती पसरट, निवांत होते आणि दोन्ही बाजूंना शेती सुरू होते. माझं आजोळ याच पट्ट्यातलं, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला. पण दहा-अकरा हिवाळे इथे सायकल घातल्यावर मी हे सांगतो आहे, आणि त्यातले पहिले तीन मी चुकीच्या वाटांवर घालवले.

चूक सरळ होती. नदीकाठाने जायचं म्हणजे नदीला चिकटून जायचं, अशी माझी समजूत होती. मोबाईलवरच्या नकाशात नदीच्या निळ्या रेषेला लागून बारीक वाटा दिसायच्या, त्या जोडून मी मार्ग आखायचो. पण नदीलगतची जमीन म्हणजे गाळाची, काळी, कसदार माती. उसाला सोनं, सायकलला शाप. कोरडी असते तेव्हा भेगाळलेली आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पाडलेली. ओली झाली की टायरवर थर चढतो, त्या थरावर आणखी थर चढतो, मग चाक आणि फोर्क यांच्यामधली बोटभर जागा भरून जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. लिंब गावाच्या अलीकडे एकदा रात्री उसाला पाणी सोडलेलं होतं. त्या वाटेवर मी 700 मीटर सायकल खांद्यावरून नेली. बांधावर बसलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "सायकल तुम्हाला न्हेती का तुम्ही सायकलीला?" मग हात वर करून दाखवलं, "कॅनॉलानं जावा की."

हा सल्ला मला नंतर कुठल्याही तज्ज्ञाने दिलेला नाही आणि यापेक्षा चांगला सल्ला माझ्याकडेही नाही.

कारण असं, की या खोऱ्यात उतारावरून खाली येताना जमीन बदलत जाते. डोंगराच्या पायथ्याला मुरूम, म्हणजे झिजून भुगा झालेला काळा पाषाण. मधल्या पट्ट्यात हलकी, तांबूस-करडी जमीन आणि तळाला नदीजवळ काळी. मुरूम पाऊस पिऊन टाकतो, दाबला की घट्ट बसतो आणि चाकाला पकड देतो. परदेशात ग्रॅव्हल म्हणून ज्याचं कौतुक होतं तो आपल्याकडे मुरूमच. धोम धरणाचे डावा आणि उजवा असे दोन कालवे नेमके मधल्या पट्ट्यातून काढलेले आहेत. कालव्यातलं पाणी आपल्या वजनाने वाहत जायचं असतं, म्हणून तो डोंगराच्या कडेने एकाच पातळीची रेषा धरून जातो. किलोमीटरभरात हातभर उतारसुद्धा जेमतेम. त्याच्या काठाने देखरेखीसाठी मुरमाचा रस्ता असतो. म्हणजे सरकारने पाण्यासाठी जी सपाट वाट शोधून ठेवली, तीच तुमच्या गुडघ्यांसाठीही उत्तम. खाली उसाचा हिरवा पट्टा, त्यापलीकडे झाडांच्या रांगेवरून ओळखू येणारी नदी, आणि वर पांडवगड किंवा वैराटगड. नदी अशी वरूनच चांगली दिसते.

तेव्हा मार्ग आखण्याची रीत अशी: अंतर कालव्यावरून कापायचं आणि नदीवर फक्त गावांपाशी, घाटांपाशी उतरायचं. उतरायचं तेही पाणंदीने. पाणंद म्हणजे गावातून शिवाराकडे जाणारी जुनी गाडीवाट. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर बाभळी, निवडुंग, करंज. तलाठ्याकडच्या गावनकाशात हद्दीवरच्या अशा वाटा तुटक दुहेरी रेषेने दाखवलेल्या असतात. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या शेतांनी वर्षाला वीतभर करत ती खाल्लेली असते. काही ठिकाणी आता मुरूम टाकून पाणंदी पुन्हा मोकळ्या केल्या आहेत आणि त्या सायकलला फारच छान आहेत. पण काही पाणंदी कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन संपतात. मोबाईल सांगेल वाट आहे, म्हणून आत घुसू नका. बांधावरच्या माणसाला विचारा, आणि प्रश्न नीट विचारा. "ही वाट जाते का?" म्हटलं की उत्तर "जाती की" असंच येतं, कारण पायी माणूस कुठूनही जातो. "बैलगाडी जाते का?" असं विचारायचं. बैलगाडी जाते तिथे तुमची सायकल जाते.

पहिला दिवस लहान ठेवा, वीस-पंचवीस किलोमीटरचा. गाडीने येणार असाल तर सकाळी वाईत पोचा, मुक्कामाच्या ठिकाणी गाडी लावा आणि वरच्या अंगाला निघा. निघण्यापूर्वी गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ मागच्या बाजूने बघा. 1762 सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. लोक मूर्ती बघून परत फिरतात, आणि मूर्ती आहेच तशी भव्य. पण बांधणाऱ्याचं डोकं मागच्या भिंतीत दिसतं. ती माशासारखी निमुळती केलेली आहे, म्हणजे पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. दोन दिवस तुम्ही ज्या नदीच्या संथपणाची मजा घेणार आहात, ती श्रावणात काय करते याची आठवण त्या दगडात आहे.

वाईहून तीनेक किलोमीटरवर मेणवली. हा रस्ता डांबरी आहे, त्याबद्दल कुरकुर नको. पाय मोकळे होतात. नाना फडणविसांचा वाडा, मागे घाट, घाटावर मेणेश्वर. इतिहासाच्या अभ्यासकांना मेणवली दफ्तर म्हणून जे कागद माहीत आहेत ते याच वाड्यातले. घाटावर एका छोट्या दगडी खोलीत टांगलेली मोठी घंटा आहे, ती मात्र चुकवू नका. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा काढून आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर 1707 हे साल आणि मेरी व बाळ येशूची आकृती ओतलेली आहे. नदीकाठच्या शंकराच्या देवळापाशी मेरीची घंटा, आणि अडीचशेहून अधिक वर्षांत कुणाला त्यात काही खटकलेलं दिसत नाही.

इथेच एक कामाची गोष्ट. पेडलला अडकणारे, तळव्याला लोखंडी क्लीट असलेले बूट या सहलीला वापरू नका. मेणवलीच्या ओल्या पायऱ्यांवर मी त्या बुटांनी असा घसरलो की कोपर महिनाभर वळत नव्हतं. दोन दिवसांत तुम्ही वीस-पंचवीस वेळा उतरणार, घाटाच्या आणि विहिरीच्या पायऱ्या चढणार-उतरणार. साधे सपाट पेडल आणि रबरी तळव्याचे बूट. वेग दोन किलोमीटरने कमी झाला तर होऊ द्या.

मेणवलीच्या पुढे भोगावला वामन पंडितांची समाधी आहे. श्लोकांचे म्हणून शाळेत तोंडओळख झालेले तेच. तिथे दहा मिनिटं सावलीत बसायचं आणि मग धोम. धोमच्या महादेवापुढचा नंदी कासवाच्या पाठीवर बसवलेला आहे आणि भोवती कमळाच्या आकाराचं दगडी कुंड. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन तरंगत असल्यासारखं वाटतं. शेजारी नरसिंहाचं देऊळ. दोन्ही मोठी नाहीत, पण मला या खोऱ्यात सगळ्यात आवडती जागा विचाराल तर मी हीच सांगेन. परत येताना डांबर सोडा आणि धरणाच्या खालून कालव्याचा रस्ता धरा. खरी कच्ची वाट इथून सुरू होते. बाईक हाताशी यायला पहिल्या दिवशी एवढं पुरे.

आता हवा. तुम्ही वजन लिहिलेलं नाही, मी 70 किलो धरतो. 40 ते 42 मिलीमीटरचा टायर ट्यूबलेस असेल तर पुढे 28 ते 30 आणि मागे 32 पीएसआय. ट्यूब असेल तर दोन्हीकडे पाच-पाच वाढवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमवर चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. डांबरावर तुम्ही 50-60 ठेवत असणार. तेवढ्या हवेने मुरमावर गेलात तर दात वाजतील, हात बधिर होतील आणि संध्याकाळी सायकल विकायला काढाल. दोन किलोमीटर चालवा, चार-पाच पीएसआय सोडा, पुन्हा चालवा. हवा कमी केल्याने चाक जड होत नाही, मऊ होतं. खडबडीत जमिनीवर मऊ चाकच पळतं. 38 मिलीमीटरच्या हायब्रीड सायकलवरही लोक ही वाट आरामात करतात, तेव्हा बरोबरच्या मित्राकडे ग्रॅव्हल बाईक नाही म्हणून त्याला मागे ठेवू नका.

ट्यूबलेस करूनच घ्या, असा माझा आग्रह आहे, आणि तो वेगासाठी नाही तर काट्यांसाठी. इथे दोन वैरी. बाभळीचा काटा लांब आणि सरळ. बांध साफ करून फांद्या वाटेच्या कडेला टाकलेल्या असतात, म्हणून जिथे ताजी तोड दिसेल तिथे मधोमध चालवा किंवा उतरा. दुसरा सराटा. जमिनीला चिकटून पसरणारं पिवळ्या फुलांचं झुडूप, हिवाळ्यात त्याची फळं वाळून टणक होतात आणि कशीही पडली तरी एक टोक वर राहतं. पडीक जमिनीत विसाव्याला सायकल आडवी टाकली की चार-पाच सराटे टायरमध्ये आलेच. टायरमध्ये 60 मिलीलीटर सीलंट ताजं असेल तर ते उपटून टाका, चाक फिरवा, भोक आपोआप बुजेल. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं; दुकानातून दिवाळीत भरून आणलेलं अजून ओलं असेल यावर विसंबू नका. ट्यूब वापरत असाल तर नवी घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस जिथे अडकेल तिथे काटा आहे. बोटाने शोधायला गेलात तर काटा सापडेल, पण बोटात.

आणखी एक क्षुल्लक वस्तू: दहा-वीस रुपयांचा पितळी अडॅप्टर. तुमच्या सायकलचा प्रेस्टा व्हॉल्व्ह बारीक असतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याचा पाईप मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचा. पाचवड-भुईंजसारख्या गावांत कॉम्प्रेसर सहज मिळतो, पण अडॅप्टरवाचून तो काय कामाचा! एक स्पेअर डिरेलर हँगरही घ्या, म्हणजे गिअर बदलणारा मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी, आणि त्याचं कारण ऊस आहे.

ऊस या खोऱ्याचं वेळापत्रक ठरवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने पेटतात ते मार्च-एप्रिलपर्यंत. भुईंजला किसन वीर कारखाना आहेच. तोडणी झालेल्या फडातलं वाळलेलं पाचट वाटेवर उडून पसरतं. दिसायला गादी, पण एक लांब पान मागच्या डिरेलरमध्ये गुंतलं आणि तुम्ही पेडल मारत राहिलात तर डिरेलर वळून थेट आरांमध्ये जातो. मग पुढचा प्रवास ढकलत. पाचट लागलं की पेडल हलकं करा, आवाज आला तर लगेच थांबा, हाताने काढा. पाचट पेटवलेलं असेल तर धुराच्या बाजूने जाऊच नका, वारा फिरायला वेळ लागत नाही. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागची डुलत येते आणि चालकाच्या कानावर गाण्यांचा मारा चालू असतो. त्याला तुमची घंटी ऐकू येणार नाही. कडेला उतरून उभं राहायचं, हात करायचा, तोही करतो. संध्याकाळी साडेपाचनंतर मी या रस्त्यांवर राहत नाही, तुम्हीही राहू नका.

दुसऱ्या दिवशी वाई ते माहुली, वळशांसकट 45-50 किलोमीटर. सात वाजता निघा, धुक्यात स्वेटर लागेल. बावधनच्या अंगाने जा. रंगपंचमीला इथल्या भैरवनाथाचं बगाड निघतं. सोनेश्वरपाशी कृष्णेच्या काठी ते सज्ज होतं, आणि लाकडी रथासारखा तो अवजड सांगाडा बैलजोड्या बदलत बदलत शेतांतून ओढत गावात आणतात. रंगपंचमीच्या सुमाराला जाणार असाल तर सायकल वाईतच ठेवा आणि पायी बघायला जा. त्या दिवशी चाकावरून जायचा मान फक्त बगाडाचा.

भुईंजपाशी नदी आणि पुणे-बंगळुरू हायवे एकमेकांना ओलांडतात. हा या मार्गावरचा एकमेव घाणेरडा तुकडा. दुभाजकातल्या फटीतून सायकल उचलून पलीकडे जाणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका, भुयारी मार्ग शोधून जा. पाचवडला नाश्ता उरका, पाणी भरा आणि पुन्हा कच्ची वाट धरा. वाटेत गुऱ्हाळ चालू दिसलं तर थांबा. गरम गूळ आणि मूठभर शेंगदाणे यांच्यापुढे पाकिटातलं ते महागडं एनर्जी जेल काहीच नाही. काकवी मात्र पोट बघून.

दुपारी लिंब. गावाच्या पुढे शेरी लिंबला बारा मोटेची विहीर, आणि इथे एक तास काढाच. शाहू महाराजांच्या काळात विरूबाईंनी बांधून घेतलेली, शिलालेखातल्या शकांवरून 1719 ते 1724 मधली. खोली सुमारे 110 फूट, व्यास 50 फूट. वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची. लोक फोटो काढून जातात, पण तुम्ही मोटांच्या जागांवर उभे राहा. बारा ठिकाणांहून बैल मागे-पुढे होत, चामड्याच्या मोटा भरून वर येत आणि पाणी पाटाने आमराईला जाई. मधल्या जिन्यावर चक्क एक छोटा महाल बांधला आहे. बारा मोटांची ती कुरकुर ऐकत तिथे बसणारी माणसं काय बोलत असतील, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. सकाळभर तुम्ही ज्या कालव्यावरून आलात त्याचं काम आधी अशा विहिरी आणि बैल करत. विहिरीवर आणि घाटांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा वर बघून मगच आत शिरा आणि शिट्ट्या, फटाके, ड्रोन यांपैकी काही नको.

लिंब-गोव्याचा कोटेश्वर नदीच्या पात्रातच आहे, तो वाटेवरच. तिथून माहुलीपर्यंत दोन तास धरा, त्यात थोडं डांबर येईल. माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. विश्वेश्वराचं देऊळ 1735 मध्ये श्रीपतराव पंत प्रतिनिधींनी बांधलं. नदीकाठी छत्रपती घराण्यातल्या समाध्या आहेत. 1749 मध्ये वारलेल्या शाहू महाराजांची इथेच, आणि त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात.

कधी जायचं? डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसात अजिबात नाही, आणि अवकाळी पडला तर दोन दिवस थांबा. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये ग्रॅव्हलची सगळ्यांत नावाजलेली शर्यत होते. 2023 मध्ये तिथल्या चिखलात नामांकित सायकलपटू लाकडी पट्ट्यांनी चाकं खरवडत पायी चालले होते. जगभर माती तीच. लाकडाची एक चपटी पट्टी पिशवीत मीही ठेवतो. कालव्याला आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलेलं असेल तर रस्त्यावर कुठे कुठे पाझर असतो, तेवढं बघून. हात-पाय धुवायला कालव्यात उतरू नका. अस्तरीकरणाची बाजू शेवाळलेली आणि तिरपी असते, आत गेलेल्याला धरायला काही सापडत नाही. मेंढरांचे कळप दिसले की सायकलवरून उतरून चाला. धनगरांची कुत्री सायकलवाल्याला लांडगा समजतात, पण पायी माणसाला बहुधा सोडून देतात.

माहुलीहून कऱ्हाडपर्यंत तिसरा दिवस करावा का, असं लोक विचारतात. प्रीतिसंगम सुंदर आहे, पण मधे ऊस फार आणि वाहनंही फार. मी तो टप्पा बसने करतो.

परतीचं आधीच ठरवा, कारण गाडी वाईला आणि तुम्ही माहुलीला. सातारा रेल्वे स्टेशन माहुलीपासून अगदी जवळ आहे, म्हणून गाडी न आणता आलेल्यांनी तिथून पुणे गाठावं, मात्र सायकलचं बुकिंग आधी विचारून. तुम्ही गाडीने येणार असाल तर साताऱ्यात छोटा हत्ती ठरवा. चौघांच्या सायकली आडव्या-उभ्या मावतात, मधे जुनी पोती घालायला सांगा आणि डिरेलरची बाजू वर राहील असं बघा.